गुरुबसप्पांचा चार्ज

विषय : आस्थापना टेबलाच्या पदभारातून मुक्त करण्याबाबत.
संदर्भ : १) कनिष्ठ लिपिक श्रीमती महामाया यांचा दि. १९ जूनचा अर्ज. २) सामाईक प्रिंटरबाबतच्या तक्रारी, एकूण अकरा. लेखी उत्तर एकीलाही नाही.

उपरोक्त विषयी सविस्तर हकीकत अशी की, नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी एक कचेरी आहे. तिथं संगणक सहा आणि प्रिंटर एक. प्रिंटर बाहेर हॉलमध्ये, पण त्याची वायर भिंतीच्या भोकातून शेजारच्या खोलीत, आस्थापना लिपिक गुरुबसप्पांच्या संगणकाला जोडलेली. बाकी पाच जणांचे कागद त्यांच्याच संगणकातून वाट काढत बाहेर यायचे. गुरुबसप्पा रजेवर गेले की पाचही पडद्यांवर 'प्रिंटर ऑफलाइन' उमटायचं आणि लोकांना उद्या या म्हणून सांगितलं जायचं.

मार्चमध्ये गुरुबसप्पा खुर्चीतच गेले. एकतीस वर्षं नोकरी, कपाळावर विभूती, हाती आलेला कागद सहजासहजी न सोडण्याची ख्याती. अडचण एवढीच झाली, की मरण्यापूर्वी त्यांनी चार्ज दिला नाही. साहेब नियमाचे पक्के. देणाऱ्याची सही नाही, तर घेणाऱ्यानं घ्यायचा कुणाकडून? पंचनामा झाला, दोन पंचांसमक्ष खोलीला लाखेचं सील लागलं. प्रिंटरच्या वायरचं दुसरं टोक आत राहिलं, हे सील वाळल्यावर लक्षात आलं. ती काढून दुसऱ्या संगणकाला लावायची तर तो विषय आस्थापना टेबलाचा, आणि टेबल आत.

तीन आठवडे कचेरी ऑफलाइन होती. मग एका दुपारी बरोबर तीनला प्रिंटरचा हिरवा दिवा लागला आणि साडेतीनला विझला. दुसऱ्या दिवशीही तसंच. सीलबंद खोलीतला संगणक चालू कोण करतं, हे एकाही माणसानं विचारलं नाही. उलट फळ्यावर खडूनं लिहिलं गेलं : प्रिंटची वेळ ३ ते ३.३०.

महामायाला भीतीच्या आधी संताप आला. तिचं टेबल त्याच भिंतीला लागून. तीन वाजले की पलीकडून कीबोर्डचा आवाज यायचा. सावकाश, दोन बोटांनी. एक अक्षर... मग बराच वेळ काही नाही... मग दुसरं. पंख्याच्या गरम वाऱ्यात विभूतीचा वास मिसळायचा. तिनं साहेबांना सांगितलं.

"काम होऊन राहिलंय ना मॅडम?" साहेब म्हणाले. "मग कशाला उकरून काढता?"

अठरा जूनला सरजाबाई आली. ही तिची चौथी खेप. नात धम्मप्रिया हिला नांदेडच्या वसतिगृहात प्रवेश मिळाला होता. रहिवासाचा दाखला पाच वाजेपर्यंत पोचला नाही तर जागा दुसरीला. पोरगी तिकडं खिडकीपाशी उभी होती. दाखला तयार होता, साहेब सही करायला बसलेले होते. फक्त कागद बाहेर यायचा होता.

तीन वाजले. हिरवा दिवा लागला, पण कागद येईना.

त्या दिवशी योगानं नांदेडहून दुरुस्तीवाला आनंदराज आला होता, अकराव्या तक्रारीवरून. त्यानं महामायाच्या पडद्यावर छपाईची रांग उघडली.

"ताई, तुमच्या कागदाच्या पुढं एक अडकून बसलंय. 'चार्ज यादी'. पाठवणारा गुरुबसप्पा. कोन हायेत हे?"

"होते."

आनंदराजनं तिच्याकडं पाहिलं, आणि यादी रांगेतून काढून टाकली. ती परत आली. त्यानं प्रिंटर बंद करून चालू केला. यादी पहिल्या नंबरवर. भिंतीपलीकडं कीबोर्ड थांबला होता. कुणीतरी वाट पाहावी, तसा.

"छापू द्या मग त्याला..." आनंदराज हळूच म्हणाला.

तिनं मान डोलावली. कागद आला. आस्थापना टेबलाचा पदभार : खुर्ची एक, कपाट एक, प्रलंबित प्रकरणे दोनशे बारा. पदभार घेणार : श्रीमती महामाया. पदभार देणार, याच्यापुढं गुरुबसप्पांची सही. निळ्या शाईची. प्रिंटर काळ्या रंगाखेरीज काही छापत नव्हता. तिनं कागद उलटा करून बोट फिरवलं. पेनाचे वळ बोटाला लागले.

साहेबांनी सही चष्म्याजवळ नेऊन पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"त्यांचीच आहे! मिटला की प्रश्न. करा सही, मॅडम."

"साहेब, माणूस मरून तीन महिने झाले!"

"सहीखाली तारीख कुठंय? आधी केली असंल."

"माझं नाव आधीच घातलं का त्यांनी? आणि तुम्हाला हे चालतं?"

"मला सही चालते, मॅडम."

सरजाबाई दारातून पुढं आली. तिला यातलं काही कळलं नव्हतं. घड्याळ तेवढं कळत होतं.

"माय, तुह्या सहीपायी अडलं का? कर ना वं. साडेतीनची जीप हाय. पोरगी सकाळपासून उभी हाय तिथं... पानीबी पेली नसंल."

तीन वाजून चोवीस मिनिटं झाली होती. महामायानं दात आवळून सही केली. पेन टेकवून उचललं तोच दाखला सरकन बाहेर पडला. साहेबांची त्यावर सही होताच सरजाबाई जीपकडं पळाली. पाचला दहा कमी असताना तिचा फोन आला, जागा मिळाली म्हणून. एवढं एक काम त्या दिवशी कचेरीत झालं.

दुसऱ्या दिवशी सील तोडलं. टेबलावर, कीबोर्डवर तीन महिन्यांची धूळ एकसारखी बसलेली. तीवर बोटाचा ठसा नाही. पंचनाम्यात लिहिल्याप्रमाणे संगणकाची विजेची वायर गुंडाळून, रबर लावून ड्रॉवरमध्ये ठेवलेली होती. रात्री मुक्कामाला थांबलेल्या आनंदराजनं ती पाहिली, आपली बॅग उचलली आणि जेवायलाही न थांबता नांदेडला गेला.

महामायानं त्याच दुपारी अर्ज दिला : सदर पदभारातून मला मुक्त करावे. साहेबांनी अर्जावर शेरा मारला : 'पदभार देणाऱ्याचे म्हणणे घ्यावे.' तिनं तो शेरा तीनदा वाचला आणि अर्ज साहेबांच्या टेबलावर नेऊन आदळला. साहेबांनी तो उचलून फाइलीला लावला.

म्हणणं चौथ्या दिवशी तीन वाजता आलं. कोणी मागणीपत्र पाठवलं नव्हतं. निळ्या सहीवर दोनच ओळी आहेत : श्रीमती महामाया यांचे काम समाधानकारक आहे. त्यांना मुक्त करण्यास माझी हरकत आहे.

म्हणणं फाइलीला जोडलं आहे. फाइल आस्थापना टेबलाकडं आहे. अर्ज प्रलंबित आहे.