नुसतं व्हय म्हणा

येरमाळ्याच्या स्टँडवर एक पोरगा बायांपुढं मोबाईल धरून म्हणत होता, "मावशी, नुसतं व्हय म्हणा."

अशा पोराचं जे व्हायला पाहिजे तेच होत होतं. नारळवाल्या गजराबाईंनी एक चप्पल काढली होती, आणि दुसरीचा विचार चालू होता.

मी बसची वाट बघत होते. पोरगा ओळखीचा निघाला... धाराशिवला माझ्याच वर्गात, एमएस्सी कॉम्प्युटरला, शेवटच्या बाकावर बसणारा शांतलिंग. सीमेकडच्या मुरुम गावचा. आजवर आमचं एक अक्षर बोलणं झालेलं नव्हतं.

"मावशी, सोडा त्याला. अभ्यास हाय त्याचा."

"बायांकडून व्हय म्हणून घ्यायचा? कुठलं कालेज हाय गं हे?"

बसमध्ये त्यानं सांगितलं. फोनवर माणसाचं 'व्हय' आणि 'न्हाय' ओळखणारा प्रोग्राम बनवायचा होता. गड्यांचे आवाज भरपूर मिळाले. बायकांच्या आवाजात फक्त एक म्हैस होती, चुकून रेकॉर्ड झालेली. प्रोग्राम तिचं ओरडणं होकार धरायचा.

"मी देते आवाज," मी म्हणाले. विज्ञानासाठी. खिडकीच्या वाऱ्यानं त्याचे केस कपाळावर येत होते, त्याचा याच्याशी काही संबंध नव्हता.

मग आठवडाभर लॅबमध्ये समोरासमोर बसणं. पंखा आवाज करतो म्हणून बंद.

"जेवलीस का?"

"व्हय."

"तुमची ज्वारी काढून झाली का?"

"व्हय."

"येडशीला गाडी थांबते का?"

"व्हय..."

स्क्रीनवर होकारावर होकार. शेवटचं सेमिस्टर संपत आलं होतं, सोमवारी मला पुण्याला नोकरीवर हजर व्हायचं होतं. शुक्रवार उजाडला, तरी हा माणूस ज्वारीतून बाहेर येईना.

शेवटी मीच म्हणाले, "एखादा बरा प्रश्न विचार की."

त्यानं माईकची वायर बोटाला गुंडाळली. सोडली. परत गुंडाळली.

"मी... तुला आवडतो का?"

"व्हय?" माझ्या भुवया वर गेल्या, आवाजही.

स्क्रीनवर आलं — होकार. शांतलिंगचा चेहरा एकदम उजळला.

"अरे, तसलं व्हय न्हाय ते! 'असं व्हय?' मधलं व्हय हाय."

"म्हणजे... नकार का?"

"न्हाय!"

स्क्रीनवर आलं — नकार. त्यानं मान खाली घातली.

"मशीनकडं काय बघतोस? मी हितं बसलेय की!"

त्यानं वर बघितलं. पहिल्यांदाच नीट, डोळ्यांत. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं.

"खरंच विचारतोयस?" मी हळूच म्हणाले. "का प्रोजेक्ट चाललाय?"

"खरंच... हौद."

"कुठला हौद?"

"हौद म्हणजे व्हय." तो लाजला. "घरी आमी कानडी बोलतो. घाबरलो की तेच निघतंय."

स्क्रीनवर आलं — शब्द ओळखता आला नाही.

मी माईक जवळ ओढला. खरं तर गरज नव्हती... तो हातभर अंतरावर होता.

"हौद," मी म्हणाले.

मशीननं परत हात टेकले.

"सोमवारची पुण्याची गाडी कितीला हाय?" शांतलिंगनं विचारलं. "दोन सीटा सांगून ठेवतो."