सात फुल, एक हाफ

गोविंदाभाऊंनी चौतीस वर्षं एस.टी.त कंडक्टरी केली. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांच्याकडून तिकिटाचं यंत्र, चामड्याची बॅग आणि बिल्ला परत घेतला. माणसं मोजायची सवय तेवढी घ्यायची राहिली. त्याला आठ वर्षं झाली. लग्नाच्या पंगतीत बसले तरी भाऊ आधी पानं मोजायचे, मग पानावरची माणसं. मयतीला गेले तरी मोजायचे. फक्त खांद्यावरच्याला धरायचं की नाही या मुद्द्यावर दरवेळी जरा अडायचे. शेवटी त्यांनी नियम केला होता : उतरलेला माणूस पुन्हा मोजायचा नाही.

त्यामुळे समोरच्या टापूवर एक दिवसाची सहल न्यायचं ठरलं, तेव्हा आखणी कोणी करायची हा प्रश्नच नव्हता.

टापू वैनगंगेच्या मधोमध. गावच्या घाटावरून डोंग्याने वीस मिनिटं. दुसरा कोणी असता तर डबा घेऊन गेला असता. भाऊंनी आरमोरीच्या बाजारातून दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि पहिल्या पानावर लिहिलं : 'एक दिवसीय सहल, मोहाचा टापू.' खाली वेळापत्रक. घाट सुटणे ८.१५. टापू आगमन ८.३५. स्थळदर्शन ८.३५ ते ९.००. टापूवर मोहाची तीन झाडं, एक सपाट खडक आणि मातामायचं गुडघ्याएवढं देऊळ होतं. नऊनंतर काय पाहायचं ते टापूलाही सांगता आलं नसतं. तिथे भाऊंनी 'मोकळा वेळ' असं लिहिलं आणि ते साडेचारपर्यंत ओढलं.

घाईचं कारण होतं. खाली नदीवर बंधारा झाला होता. येत्या पावसाळ्यानंतर दारं बंद होणार, पाणी चढणार, टापू बाराही महिने बुडणार. सरकारी कागदात त्याची नोंद 'निर्मनुष्य वाळूपट्टा' अशी होती. त्याच्या पुनर्वसनाचा प्रश्न कोणाला पडला नाही.

दुसरं कारण इंदिराबाई. भाऊंची बायको. तिचं माहेर याच गावच्या ढिवरपुऱ्यात, मासेमाऱ्यांच्या वस्तीत, दोन गल्ल्या पलीकडे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याकडे कुठे न्या म्हणून हट्ट केला नव्हता. घाटावर कपडे धुवायची तीही टापूकडे पाठ करून. डिसेंबरात गडचिरोलीच्या डॉक्टरने तिच्या छातीचा कागद उजेडात धरून पाहिला आणि लेकीला, रुपालीला, जरा बाजूला बोलावलं. डॉक्टरने बाजूला बोलावलं की पुढचं काय, ते ज्याला बोलावलं नाही त्यालाही समजतं. घरी येताना गाडीत इंदिराबाई म्हणाली, "मले एक डाव टापूवर नेऊन आणा."

एका संध्याकाळी भाऊंनी यादी वाचून दाखवली. "मी एक. तू दोन. रुपाली आन जावई निकेश, चार. शेजारचा वारलू आन आशाबाई, सहा. डोंगेवाला मुखरू, सात. सात फुल."

"एक हाफ लिहा," इंदिराबाई म्हणाली. ती वांगी चिरत होती.

"हाफ कोणाचं? पाच ते बारा वर्षांचं लेकरू लागते हाफले. आपल्याकडं तर सगळे पेन्शनवाले."

"कमळीचं."

भाऊंनी पेन खाली ठेवलं. कमळी म्हणजे तिची धाकटी बहीण, सहा वर्षांची असताना पुरात गेली, एवढंच त्यांना ठाऊक होतं. लग्नानंतर एकदा विचारलं तर इंदिराबाई चहा ठेवायला उठून गेली होती. तो चहा त्यांनी चव्वेचाळीस वर्षं मुकाट्याने प्यायला.

"जे गाडीत नाई त्याचं तिकीट फाडता येत नाई, इंदिरा."

"ती गाडीतच नोती. तरी फाडलं होतं मी."

मग तिने सांगितलं. विळी थांबली नाही.

ढिवरांचा जुना रिवाज आहे. टापूवर जायचं तर डोंग्यात चढताना प्रत्येकाने आपल्या काठचा एक गोटा डोंग्यातल्या डब्यात टाकायचा. परतताना, डोंग्यात बसल्यावर, ज्याने त्याने आपला गोटा काढून पाण्यात सोडायचा. डबा रिकामा झाला की माणसं पुरी. मगच दोर सोडायचा. एक जरी गोटा उरला तरी डोंगा हलत नाही.

पंचावन्न वर्षांपूर्वी मातामायच्या पूजेला दोन डोंगे भरून लोक गेले होते. इंदिरा नऊ वर्षांची. दुपारी आभाळ आलं, वरून पाणी सुटल्याची ओरड झाली, मोठी माणसं घाई करू लागली. कमळी रुसून मोहाच्या झाडामागे बसली होती.

"मले वाटलं, मागच्या डोंग्यात चढली अशीन. बाबा वरडून राह्यला, डब्यात गोटा कोणाचा उरला रे? मी म्हटलं, कमळीचा आहे, ती लहान आहे, मी टाकतो. आन टाकला." वांग्याच्या फोडी पाण्यात पडत होत्या. "डबा रिकामा झाला. दोर सोडला. रातभर पूर होता. तिसऱ्या दिवशी गेले तं टापूवर कोणीच नाई."

"कोणाले सांगितलं नाई तू?"

"आता तुमाले सांगितलं."

भाऊंनी रजिस्टर मिटलं. रात्री जेवताना कोणी मीठ कमी असल्याचं बोललं नाही. मीठ टाकायचंच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते मुखरूकडे डोंगा ठरवायला गेले. मुखरू जाळं सांधत होता.

"नेतो ना भाऊ. पण सूर्य टेकायच्या आत परत. मागं म्हणाल, अजून एक चहा, तं नाई जमणार."

"काऊन? वाघ येते का टापूवर?"

"वाघ आला असता तं बरं होतं." मुखरूने दोरा दाताने तोडला. "संध्याकाळी त्या बाजूले जाळं टाकलं का आवाज येते. टापूच्या काठावून कोणी गोटे टाकते पाण्यात. एक टाकला, थांबते. मंग दुसरा. माझ्या बापानंबी आयकला. थो म्हणे, मोठी मासोळी उडते. मी आपला मासोळी समजतो."

"मासोळीच असन."

"हाव ना," मुखरू म्हणाला. "मोजून उडते बिचारी."

भाऊंनी ते रजिस्टरात लिहिलं नाही. फक्त परतीची वेळ ४.३० होती तिच्याखाली रेघ मारली.

जानेवारीतल्या एका रविवारी सहल निघाली. पातेलं, तांदूळ, वांगी, सुकी मासळी, चटई, इंदिराबाईच्या गोळ्या. निकेश मोबाइल बघत म्हणाला, "मामाजी, नकाशात तर हा टापू दिसतच नाई." वारलू म्हणाला, "जावईबुवा, नकाशात आपलं गावबी नाई. तरी तुमी सासरी येऊन जेवून जाता ना?" आशाबाई हसली, रुपालीही हसली. आठ सत्तावीसला डोंगा सुटला. बारा मिनिटं लेट, अशी भाऊंनी नोंद घेतली.

चढताना सगळ्यांनी गोटे टाकले. डबा रंगाचा होता, आतून निळा. भाऊ प्रत्येक टण्ण मोजत होते. सात माणसं, आठ टण्ण. इंदिराबाईने दोन टाकले होते. मुखरूने डब्यात पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि वल्हं उचललं. तो ढिवर होता. काही गोष्टी विचारल्या की डोंग्यात येऊन बसतात, हे त्याला ठाऊक होतं.

टापू दिसायला चांगला होता. ऊन कोवळं, वाळू पांढरी. स्थळदर्शन सतरा मिनिटांत आटोपलं. वारलूने चुलीसाठी तीन दगड शोधायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासाने हात हलवत परत आला.

"भाऊ, या टापूवर गोटा नाई."

"नाई म्हणजे?"

"एक बी नाई."

भाऊ स्वतः काठाने फिरून आले. आपल्या घाटावर पाऊल टाकायला जागा नाही एवढे गोटे. नदीच्या दोन्ही काठांना तसेच. इथे मात्र नुसती वाळू, झाडून काढल्यासारखी. मुठीत मावेल असा एकही दगड नव्हता. मोठा खडक होता तो तेवढा जागेवर, कोणाला उचलत नसेल म्हणून. त्याच्या कडेचेही टवके निघाले होते. जिथवर लहान हात पोचेल, तिथवर.

भाऊ बराच वेळ त्या टवक्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी वाळूत खड्डा खणून त्यावरच पातेलं ठेवायला सांगितलं.

इंदिराबाई जेवली नाही. मोहाच्या झाडाखाली बसून राहिली. तिने पानावर भात वाढून शेजारी ठेवला आणि पाठ फिरवून बसली, लाजऱ्या लेकराला वाढल्यावर बसतात तशी. दुपारी रुपालीने पान उचललं. ते स्वच्छ होतं. "कावळे असतील," निकेश म्हणाला. दिवसभरात एकही कावळा दिसला नव्हता, हे कोणी काढलं नाही.

साडेचारला सगळे डोंग्यात बसले. इंदिराबाई डोंग्याच्या मागच्या टोकाला, डब्याजवळ. प्रत्येकाने गोटा काढला, पाण्यात सोडला. मुखरू, वारलू, आशाबाई, निकेश, रुपाली, भाऊ. शेवटी इंदिराबाईने आपला सोडला.

डब्यात एक उरला.

"माय, टाक ना थो," रुपाली म्हणाली.

"त्याले हात लावू नको. मागल्या डावाले मीच टाकला होता."

"बाई, सूर्य..." मुखरूने आभाळाकडे पाहिलं.

"थांब मुखरू. तिचा तिलेच टाकू दे."

पाच वाजले. निकेशने दोनदा मोबाइल काढला आणि दोनदा ठेवला. पावणेसहा. पलीकडच्या काठाची झाडं काळी पडली. पाणी डोंग्याच्या बुडाशी चुळूचुळू वाजत होतं.

"कमळे," इंदिराबाई हळूच म्हणाली. "मी रागावली नाई व. चाल घरी."

डोंगा जरासा कलला. कोणी चढल्यावर कलतो तेवढाच.

भाऊ डब्याकडे पाहत होते. वल्ह्यावरून एक थेंब पडला, त्यांची पापणी लवली, आणि डाव्या बाजूला पाण्यात आवाज झाला.

डुबुक.

डबा आतून निळा होता. रिकामा.

मुखरूने दोर सोडला.

वीस मिनिटं कोणी मागे पाहिलं नाही. इंदिराबाई मागच्या टोकाला टेकून बसली होती, मान कलती, तोंड टापूकडे. पदर डोक्यावर. पंचावन्न वर्षांत पहिल्यांदा तिची पाठ त्याच्याकडे नव्हती.

घाटावर अंधारून आलं होतं. मुखरू दोर घेऊन उतरला. भाऊ उतरले आणि सवयीने वळून, एकेकाला हात देत मोजू लागले. मुखरू एक, आपण दोन. निकेश तीन. रुपाली चार. वारलूचा खरबरीत हात, पाच. आशाबाईच्या बांगड्या, सहा.

मग एक हात आला. लहान. ओला, बर्फासारखा गार. भाऊंनी तो धरला आणि उतरवला.

मग आणखी एक. थोडा मोठा, पण लहानच. तळव्याला वांग्याचा वास.

"सहा फुल, दोन हाफ," भाऊ म्हणाले.

कोणी हसलं नाही.

"माय, उतर ना व," रुपाली डोंग्याकडे वळून म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने, "माय?"

मुखरूने टोपी काढली.

भाऊ वळले नाहीत. ते घाटाच्या पायऱ्यांकडे पाहत होते, आणि त्यांचे ओठ अजून हलत होते. उतरलेला माणूस पुन्हा मोजायचा नसतो.