इंजिन थंड होईस्तोवर

टिक्-टिक्-टिक्...

कुणी शिलाई मशीन चालवत येतंय की काय, म्हणून श्रुतिकाने मान वर केली. दारात मोटरसायकल उभी होती. शहाण्णव सालची, शंभर सीसीची, टाकीचा रंग उडालेली. वर बसलेला मुलगा मात्र अगदी नवाकोरा!

"मिस्त्री तुमीच का?" त्याने विचारलं.

"काहून? बोर्डावर फोटो पाह्यजे होता का?"

तो हसला... आणि घोळ तिथेच झाला.

बालाघाट शहरात स्टेशनच्या रस्त्यावर सुखराम मिस्त्रींचं हे गॅरेज. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर अधू झाली आणि पाना लेकीच्या हातात आला. गिऱ्हाइकं आधी नाक मुरडायची, मग तिच्या हातची गाडी चालवून गुमान परत यायची. श्रुतिकाचा एक नियम होता, बापाकडून आलेला. झडपा दाबणारे टॅपेट लावायचे ते इंजिन थंड झाल्यावरच. गरम इंजिनात धातू फुगलेला असतो, तेव्हा ठेवलेली फट थंड झाल्यावर बदलते आणि टिकटिक सुरू होते. म्हणून गाडी चार तास सावलीत उभी. गिऱ्हाईक कितीही कुरकुरो.

हा मोटरसायकलवाला, अंकित, काही कुरकुरला नाही. कटंगीकडच्या खेड्यांत डाक वाटणारा माणूस, चाळीस किलोमीटर गाडी तापवत आला होता. "बसतो ना," म्हणाला, आणि समोरच्या स्टुलावर बसून तिच्याकडे असा पाहत राहिला की पंधरा मिनिटांत तिच्या हातून दोनदा पाना पडला. असले चार तास? छे! तिने तापलेल्याच इंजिनाचं झाकण काढलं, भराभर टॅपेट लावले आणि त्याला वाटेला लावलं.

पुढच्या रविवारी तो पुन्हा हजर. टिक्-टिक्. तिचं काळीज धडधडलं, हात पुन्हा घाईला आले. तिसऱ्या रविवारी मात्र आवाज ऐकून सुखराम खाटेवरून उठलेच.

"श्रुती, गरम इंजिनवर हात घातला का वं तू?"

ती पाना पुसत राहिली. कारण तरी काय सांगणार?

"आता ही गाडी अजून एकदा अशी आली, त तू काउंटरवर बसजो. पाना मी वसंताले देतो."

चुलतभाऊ वसंता केव्हाचा टपूनच होता. श्रुतिकाचा चेहरा पडला. त्या पान्यासाठी तिने लोकांचे काय काय टोमणे ऐकले होते!

"आज चार तास बसा लागन," ती अंकितला म्हणाली. "अन् माह्याकडं पाहू नका."

"मग कुठं पाहू?"

"इंजिनकडं."

"तिथं त तुमचाच हात आहे ना."

ती गालातल्या गालात हसली. बाहेरून धानाचे ट्रॅक्टर राइस मिलकडे जात होते, हवेत कोंड्याचा वास होता. दर अर्ध्या तासाने ती सिलिंडरवर तळहात टेकवून पाही. तिसऱ्यांदा तिच्या हाताशेजारी त्याचाही हात आला... दोन बोटांचं अंतर राखून.

"गरम आहे का?" त्याने हळूच विचारलं.

"इंजिन कोमट झालं," ती म्हणाली. स्वतःच्या कानांचं तिने सांगितलं नाही.

"नवीन गाडी काहून नाही घेत तुमी?" तिने विषय बदलला.

"हिचा आवाज गावाले पाठ आहे. आमच्याकडं तुळसाबाई म्हणून म्हातारी आहे. पेन्शन घेऊन गेलो की आवाजावरच दार उघडे. टिकटिक लागली तवापासून उघडतच नाही. म्हणते, हा आपला डाकवाला नोहे, दुसराच कोणी येऊन राह्यला!"

श्रुतिका खळखळून हसली, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली. आपल्या धडधडीपायी तिकडे म्हातारी दार लावून बसली होती.

तीन वाजता इंजिन थंडगार झालं. झाकण उघडलं तर आणखी एक दुखणं निघालं. टायमिंग चेन सैल पडून एक दात सरकली होती, म्हणजे झडपा हलवणाऱ्या कॅमचं सगळं गणितच मागे पडलेलं. चेन ताणायची, दात जागेवर आणायचा. कामाला चार हात हवेत.

"हा पाना धरा. मॅग्नेटच्या चाकावरची ही 'टी'ची खूण खाचेसमोर ठेवा. केसभर हलली तरी सांगा."

"खूण नाही हलली," तो श्वास रोखून म्हणाला. "मीच हलून राह्यलो."

"श्वास घ्या, नाहीत पडान!"

कॅमची खूण रेषेवर आली. मग टॅपेटच्या फटीत तिने पातळ पट्टी सरकवली. ती किंचित अडत, पण सहज निघाली. पाहिजे होती तशीच! आणि तेवढ्यात तिच्या मनात आलं... हे काम पक्कं झालं, की रविवार संपले. नट अर्धा फेरा ढिला राहिला तर? आज तरी कुणाला कळणार आहे?

पण ते सारखं मोहरून जाणारं मन आणि कसबी हात, यांत तिने हाताचंच ऐकलं. नट कचकन आवळला.

एकाच किकमध्ये गाडी सुरू झाली. धक्-धक्-धक्... कुठे टिक् म्हणून नाही! अंकितने आनंदाने टाळीच वाजवली.

"आता वर्षभर पाहा लागणार नाही," ती म्हणाली.

"वर्षभर?" त्याची टाळी हवेतच राहिली. त्याने हेल्मेट चढवलं. गाडी गियरमध्ये पडली, तशी श्रुतिका धावत पुढे झाली आणि तिने काळ्या हातांनी हँडल धरलं.

"ऐक! गाडी नोको आणू. तू ये. मले तू आवडतो... पहिल्या दिवसापासून. म्हणूनच त हात चुकला माहा!"

हेल्मेटच्या आतले डोळे मोठे झाले. मग त्याने चावी फिरवली. इंजिन शांत झालं.

"काहून बंद केली?"

"तू ये म्हणाली ना," तो स्टँड लावत म्हणाला. "आलो."

आतून सुखरामांचा घाबरा आवाज आला, "पुन्हा बंद पडली का वं?"

"नाही बाबा," तिला हसू आवरेना. "गाडी एकदम ठीक आहे!"