रिकाम्या तलावातलं पाणी

"तलाव किती लांबरुंद हाय ते नोको पाहू, श्रुते. किती खोल हाय ते पाह्य. पाणी खोलीनं दाबते."

बाबांचे, दुलीचंदचे, हे शेवटचे शब्द. श्रुतिका तेव्हा आठ वर्षांची होती. त्याच दुपारी लालबर्ऱ्याजवळच्या तलावात, गेटपाशी, ते बुडाले.

पुढचं गेल्या मे महिन्यातलं. भर उन्हातलं. कोणाला पटो न पटो, घडलं ते असंच.

श्रुतिका आता इंजिनियर. तोच तलाव दुरुस्तीसाठी रिकामा केलेला... तळाला भेगा, बगळासुद्धा नाही. जुनं लोखंडी गेट बदलायचं होतं, म्हणून तलावाच्या पाळीवर, बांधावर बसून तिनं हिशोब मांडला. गेट मीटरभर उंच, मीटरभर रुंद. तलाव भरला की गेटचा मध्य चार मीटर खोल. म्हणजे गेटवर जोर चार टनांचा.

"कोरड्या तलावाचं पाणी मोजून राह्यली का, बाई?" म्हातारा गेटवाला तेजराम हसत शिडीनं खाली गेटपाशी उतरला.

"काका, बाबांचा पाय खरंच घसरला होता?"

"हौ ना! कितीदा पुसशीन?"

तो पुन्हा हसला...

हसणं अर्ध्यात तुटलं.

तेजरामची पाठ गेटला चिकटली होती. हात फाकलेले. पांढरे केस डोक्यावर उभे, संथ डुलत होते...

वारा नव्हता.

श्रुतिका शिडीकडे धावली. दोन पायऱ्या... कान दडपले. चार पायऱ्या... कानात कळ. खोल बुडी मारल्यावर येते तशी.

अंग मात्र कोरडं ठाक.

डाव्या कानानं तिला आजही नीट ऐकू येत नाही.

तिनं तेजरामचा हात ओढला. तो तसूभर हलला नाही. त्याच्या बरगड्या करकरत होत्या. तिच्या डोक्यात आकडा आपोआप आला. माणसाची पाठ, चौरस मीटरचा पाव हिस्सा. एक टन.

एक टन ती कशी ओढणार?

तेजराम तिच्या खांद्यामागे पाहत होता.

"सोड रे मले, दुलीचंद..."

तिनं वळून पाहिलं. भेगाळलेला गाळ. आणि ऊन.

"पोरी..." त्याच्या ओठांतून बुडबुडे फुटावेत तसे शब्द आले. "पाय नव्हता घसरला त्याचा. तो खाली कचरा काढून राह्यला होता. घडीभर थांब म्हणे... माझी धानाची बांधी वाळत होती. तो गेटपाशी हाय, हे मले मालूम होतं... मीनंच गेट उघडलं. पाण्यानं त्याले असंच दाबून धरलं."