गळ्यातला हिरवा दिवा

नोरीन हवेत असतानाच तिला तो हिरवा दिवा दिसला.

भोपळ्यांच्या ढिगाआडून एकदा उडी घेतली की पुढचं फारसं काही माणसाच्या हातात राहत नाही. लार्च लेक पार्कमध्ये आलेल्यांना घाबरवायला चेटकीण व्हायचं हे नोरीनचं तिसरं वर्ष. तिची उडी अशी नामांकित, की भल्याभल्यांच्या हातातले पॉपकॉर्न आकाशात जात. पण हॅलोविनच्या, म्हणजे भुताखेतांच्या सणाच्या महिन्यात ज्यांना पार्क तर बघायचंय पण भुतांची मस्करी सोसत नाही, त्यांना फाटकावर हिरव्या दिव्याची माळ मिळते. अशा माणसावर ओरडायचं नाही, झेप घ्यायची नाही. अदबीनं बोलून वाट द्यायची. घेतलेली झेप परत कशी घ्यायची, हे मात्र नियमात लिहिलेलं नव्हतं.

हात वर, नखं पसरलेली, अशी ती त्याच्यापुढे वीतभर अंतरावर उतरली. तोंड ‘भॉ’साठी उघडलेलंच होतं. त्यातून बाहेर पडलं, “…शुभ संध्याकाळ.”

समोरचा उंच तरुण डोळे मिटून उभा होता. त्यानं एकच डोळा उघडला.

“झालं?”

“काय झालं?”

“घाबरवून.”

“छे! मी कुठे घाबरवतेय? मी… व्यायाम करत होते.”

“भोपळ्यांत?”

“इथली हवा चांगली आहे.”

त्यानं दुसराही डोळा उघडला आणि हसला. तळ्यावरून आलेलं खरं धुकं आणि यंत्रातून सुटलेलं खोटं धुकं त्यांच्या पायाशी मिसळत होतं. पलीकडे लाकडी घोडे संथपणे फिरत होते, त्यांचं गाणं धुक्यात भिजून जड झालं होतं. हवेला करपलेल्या साखरेचा वास होता. आणि त्या हिरव्या उजेडात त्याचा चेहरा पाण्याखालून पाहावा तसा हलका, थरथरता दिसत होता… नोरीनच्या खोट्या नाकाखालचं खरं नाक उगाचच गरम झालं.

“वेंडेल!” धुक्यातून आवाज आला, आणि मागोमाग आवाजाची मालकीण आली. सत्तरीच्या इर्मा क्रुपा, डोक्यावर लोकरीची टोपी, हातात अर्धवट खाल्लेलं सफरचंद. “चेटकिणीशी गप्पा कसल्या मारतोस? आणि काय गं ए, माझ्या वाटणीची उडी कुठाय? मी सबंध महिन्याचा पास काढलाय!”

नोरीननं त्यांच्या वाटणीची उडी मारली. इर्माबाई किंचाळल्या, छातीवर हात ठेवून पोटभर हसल्या आणि म्हणाल्या, “ठीक आहेस. गेल्या वर्षी त्या शवपेटीतल्यानं मात्र माझी कवळी पाडली होती.”

त्यानंतर दर शनिवारी मायलेक येऊ लागले. आई पडक्या दवाखान्याच्या देखाव्यात शिरून दोन-दोनदा घाबरून येई. तोवर मुलगा भोपळ्यांपाशी थांबे. आधी नाइलाजानं. मग… तसा नाइलाज उरला नव्हता, पण थांबे.

“काम काय करता तुम्ही?” नोरीननं विचारलं.

“पूल तपासतो. खालून. दोरीला लटकून.”

“नदीवर लटकता आणि आम्हाला घाबरता?”

“पूल आधी सांगतो हो. कुरकुरतो, भेग दाखवतो. तुम्ही लोक न सांगता येता.”

पुढच्या शनिवारी भोपळ्यांमागून तीनदा खोकल्याचा आवाज आला, मग एक काळी टोपी हळूच वर आली, मग नाक, मग नोरीन.

“भेग दिसली का?” तिनं विचारलं.

“स्पष्ट,” तो म्हणाला. “नाव काय तुमचं?”

“वेषात असेपर्यंत आम्हाला नाव नसतं. नियम आहे.”

“आणि वेष उतरल्यावर?”

त्यावर नोरीननं झाडू उचलला आणि एकही पान पडलेलं नव्हतं तिथे झाडायला सुरुवात केली.

कारण वेष उतरल्यावरची नोरीन वेगळी होती. ती नोरीन दाराला धक्का लागला तर दाराची माफी मागायची. सोमवार ते शुक्रवार ती डॉक्टर हॅलोरन यांच्या दातांच्या दवाखान्यात समोरच्या टेबलाशी बसे आणि आल्यागेल्याला मऊ आवाजात एकच वाक्य सांगे: “घाबरू नका.” आठवडाभर सांगितलेलं ती शनिवार-रविवारी पुसून टाकायची.

महिन्याच्या तिसऱ्या बुधवारी दवाखान्याचं दार उघडलं, आणि आधी एक सुजलेला गाल आत आला, मागून वेंडेल.

नोरीनचा हात आपोआप नाकाकडे गेला. नाक तिचंच होतं, आखूड. वेंडेलनं तिच्याकडे पाहिलं, तिच्या छातीवरची नावाची पाटी वाचली… आणि ओळख काही पटली नाही.

“घा… घाबरू नका,” नोरीन म्हणाली.

त्यानं मान डोलावली. खुर्चीत जाऊन बसला. मग कोटाच्या खिशातून हिरव्या दिव्याची माळ काढली, गळ्यात घातली, दिवा लावला आणि डॉक्टरांकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू नियम तुम्हालाही लागू आहे.

डॉक्टर हॅलोरन यांना नियम ठाऊक नव्हता. त्यांनी सुई उचलली.

नोरीन धावत मागच्या खोलीत गेली आणि टॉवेलात तोंड खुपसून हसली. तिचं हसू वेषात काय नि बाहेर काय, एकच होतं. ते बाहेर पडलं असतं, तर सगळंच बाहेर पडलं असतं. डॉक्टरांनी दाढ तात्पुरती भरली आणि पुढच्याच्या पुढच्या बुधवारी, साडेचारला रूट कॅनाल, असं सांगितलं. वेंडेल म्हणाला, “पुलावर काम आहे, फोन करून कळवतो,” आणि ज्या वेगानं पळाला, त्या वेगानं नोरीननं भुतांपुढूनही कोणाला पळताना पाहिलं नव्हतं. फोन अर्थातच आला नाही.

शनिवारी तो तिच्याआधी भोपळ्यांपाशी हजर होता.

“एक विचारू? तुम्ही बाईमाणूस आहात.”

“चेटकीण आहे. पण विचारा.”

“दाताच्या दवाखान्यात एक मुलगी आहे. नोरीन नाव. ती म्हणाली, घाबरू नका— आणि मी खरंच घाबरायचं विसरलो. दोन मिनिटं.”

नोरीनला आधी आनंद झाला. मग राग आला, त्या दवाखान्यातल्या मुलीचा. आपण इथे महिनाभर घसा फोडतोय, आणि ही बया दोन शब्दांत—!

“दिसायला कशी आहे?”

“तुमच्यापेक्षा बरी. राग मानू नका.”

“नाक?”

“असावं. मी डोळ्यांकडेच बघत होतो.”

झाडूच्या दोन काड्या मोडल्या.

“मग विचारा की तिला. माझ्यापाशी काय उभे आहात?”

“तुमच्याशी बोलता येतं,” तो हळूच म्हणाला. “तिच्यापुढे गालच काय, जीभही सुजते. खरं सांगू? मला कळतच नाहीये… बुधवारपासून तिची आठवण आली, की आवाज तुमचा येतो. वेड लागायची पाळी आली.”

खोट्या नाकाशिवाय नोरीनला धीर नव्हता, आणि नाकासकट तिला नाव नव्हतं. आणि कळल्यावर तो चिडला तर? महिनाभर खेळवलंत म्हणाला तर?

असा शेवटचा रविवार आला. उद्या भोपळे गाडीतून जाणार, लाकडी घोड्यांवर ताडपत्री पडणार, फाटक उघडणार ते थेट मे महिन्यात. संध्याकाळी तळ्यावरून इतकं धुकं आलं की यंत्र बंद ठेवावं लागलं. झाडांवरचे दिवे एकेक करून विरघळले. गाणं तेवढं कुठूनतरी येत राहिलं, स्वप्नात कोणी हाक मारावी तसं. नोरीन भोपळ्यांमागे बसून धुक्यात हिरवा ठिपका शोधत होती.

ठिपका आला नाही. पावलं आली. वेंडेल आला… आणि त्याचा गळा रिकामा होता.

“माळ कुठाय?” ती उठून उभीच राहिली.

“खिशात. आज घाबरायला आलोय. इथे जमलं तर बुधवारी दवाखान्यात जाईन. तिला विचारीन.” त्यानं डोळे मिटले, मुठी आवळल्या. “मारा उडी.”

“मार गं!” मागून इर्माबाई ओरडल्या. “जन्मात पहिल्यांदा धीर केलाय माझ्या लेकानं!”

तिघाचौघांचा घोळका बघायला थांबला. उडी मारणं भाग होतं. पण नोरीननं उडी घेतली नाही. ती पायाखालचं पानही वाजू न देता त्याच्याजवळ गेली, टाचा उंचावल्या आणि त्याच्या कानाशी, सोमवार ते शुक्रवारच्या मऊ आवाजात म्हणाली—

“घाबरू नका. बुधवारी, साडेचारला… रूट कॅनाल.”

वेंडेलची किंकाळी त्या हंगामातली सर्वांत मोठी होती. लाकडी घोड्यांवरची माणसंसुद्धा वळून बघू लागली. इर्माबाईंनी टाळ्या वाजवल्या.

मग त्यानं डोळे उघडले. तिच्या लांब नाकाकडे पाहिलंच नाही, थेट डोळ्यांकडे पाहिलं.

“नोरीन?”

तीन वर्षं साऱ्या गावाला घाबरवणारी ती चेटकीण आता श्वास रोखून वाट पाहत होती— हा हसेल, की वळून जाईल…

वेंडेलनं खिशात हात घातला. माळ काढली, दिवा लावला, आणि तिची टोपी पडणार नाही अशा बेतानं तिच्या गळ्यात घातली.

“आता तुम्हाला कोणी घाबरवायचं नाही,” तो म्हणाला. “मीसुद्धा नाही.”

हिरव्या उजेडात खोट्या नाकावरचा मस हलला आणि टपकन खाली पडला. नोरीन हसली. तेच हसू, या वेळी टॉवेलाशिवाय.

“वेंडेल, मुलगी थंडीनं कुडकुडतेय, कोट दे तिला,” इर्माबाई म्हणाल्या. “आणि नाक काढ गं ते. मलाही बघू दे.”

“ही माळ मी ठेवू?” नोरीननं विचारलं.

“ठेवा की,” तो म्हणाला, आणि थोडा पांढरा पडला. “बुधवारपर्यंत. साडेचारला मला लागेल.”