उंदरांच्या खोलीतली काजळी

"काका, उंदरांचं औषध कुणीतरी बदललंय. लगेच या."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सौंदर्याचा फोन आला, तेव्हा निवृत्त फौजदार हंबीरराव चहा पीत होते. शेजारची पोर फोनवर रडते म्हटल्यावर कसला चहा न् कसलं काय. ते तसेच तिच्या प्रयोगशाळेत गेले.

सौंदर्याच्या मुलाला, शिवांशला, जन्मापासून मेंदूचं दुखणं. बोलत नाही, रात्र रात्र झोपत नाही. तसंच दुखणं असलेले उंदीर तिनं पाळले होते. पिंजऱ्यातलं चाक किती फिरलं, त्यावरून त्यांची धावपळ आणि विश्रांती मोजायची.

"घटस्थापनेला औषध सुरू केलं आणि रात्रभर पळणारे उंदीर गप झाले. काल रात्री पुन्हा तोच धिंगाणा. काका, मला खरं औषध परत हवंय."

"बाटलीचं सील?"

"जसंच्या तसं."

"खोलीला खिडकी नाही?"

"मुद्दाम नाही. उंदीर अंधारात पळतो, उजेड दिसला की दबकतो. संध्याकाळी दिवे मालवून आक्का कुलूप लावते."

"हा पिंजरा बाजूला का?"

"त्यातल्या उंदराला औषध नाही, तुलनेसाठी नुसतं पाणी. पलीकडची फळी मोडली, म्हणून इथं ठेवला. त्याचं चाक अडकलं होतं, नवरात्रभर थंडच."

"आकडा तर सांगतोय, काल रात्री फिरलंय. दुरुस्त कुणी केलं?"

"कुणीच नाही," सौंदर्या म्हणाली.

हंबीररावांनी पिंजऱ्यांवरच्या कोनाड्यात बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्याला गोड्या तेलाचा वास होता.

पिंजरे झाडणाऱ्या आक्काला त्यांनी हाक मारली.

"आक्का, नवरात्राचा दिवा कुठं लावलासा?"

आक्काचा केरसुणीचा हात थांबला.

"हितंच, सायेब. कुलूप लावताना ठेवायची, सकाळी उचलायची. ह्यांना शिवांशबाळाचंच दुखणं हाय म्हनं. आंबाबाईनं ह्यांना झोप दिली तर पोराला बी देईल, म्हनून."

हंबीरराव सौंदर्याकडं वळले.

"पोरी, हे झोपले नव्हते. उजेडाला भिऊन बसले होते. पाणी पिणाराही बसला, त्याला कुठं औषध होतं? काल दिवा नव्हता, सगळे पळाले. औषध कुणी बदललं नाही. त्याचा गुण आलाच नव्हता."

सौंदर्यानं पर्समधून त्याच औषधाची, आधीच भरून ठेवलेली छोटी बाटली काढली.

"आज शिवांशला देणार होते. दुसरं काही उरलंच नव्हतं, काका."

हंबीररावांनी हात पुढं केला. तिनं बाटली त्यांना दिली.

आक्का पदरानं डोळे पुसत होती.

"ताई, काल तरी झोपलं का वो पोरगं?"

"न्हाय, आक्का."