मास्तरांचा मणका

"म्हणजे मणका गायब?" वच्छला ओरडली.

"कपाट रिकामं हाय!" सोमलिंगने हात झटकले. "सुट्टीत चुना लावायचा म्हणून सगळं हलवलंय म्हणे."

त्यांची वर्गमैत्रीण सावित्री शेजारी उभी होती. तिचे अप्पा, म्हणजे शाळेचे शिवयोगी मास्तर, महिन्यापूर्वी वारले. तेव्हापासून ती ना बोलत होती, ना रडत होती. उद्या ती आईबरोबर सोलापूर सोडून अक्कलकोटला मामाकडे जाणार होती, कायमची! जाताना तिला एवढंच हवं होतं, इक्थिओसॉरसचा मणका. मद्रासकडच्या मित्राने अप्पांना दिलेला, बशीएवढा, दोन्ही बाजूंनी खोलगट, अगदी दगड झालेला.

"दिसायला मासा, पण श्वास घ्यायला पाण्याबाहेर तोंड काढणारा! डायनासोरच्या काळातला सरपटणारा गडी!" असं म्हणत अप्पा तो वर्गात हातोहात फिरवत. मग आपल्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून ठेवत. अख्खी शाळा त्याला 'मास्तरांचा मणका' म्हणायची.

तिघं थेट ऑफिसात घुसली. करमाळ्याहून नुकतेच बदलून आलेले हेडक्लार्क महिपतराव पानाला चुना लावत होते.

"काका, मास्तरांचा मणका कुटं हाय?" सोमलिंगने विचारलं.

महिपतरावांनी पान ठेवून चक्क हात जोडले. "पोचवला रे बाळांनो! शिपाई म्हणाला, मास्तरांचा मणका कपाटात आहे. अंगावर काटाच आला माझ्या! अस्थी काय शाळेत ठेवतात? स्वतः तळ्यात सोडून आलो. गाठसुद्धा उघडली नाही."

घ्या! न बघता पुण्य कमवायला निघाले होते!

सोमलिंगने कपाळावर हात मारला. "ओ काका, मास्तर लिंगायत की! आमच्यात जाळत न्हाईत, पुरतात. अस्थी येणार कुठनं?"

"आँ? मग त्यात काय होतं?"

"कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातल्या प्राण्याचा मणका!" वच्छला कडाडली. "चला, जागा दाखवा. नाहीतर आत्ताच हेडमास्तरांना बोलावते!"

पान तसंच टाकून महिपतराव उठले.

उन्हाळ्याने तळ्याचं पाणी बरंच हटलं होतं. महिपतराव पायरीवरून "इथं... नाही, तिथं!" करू लागले, तेव्हा वच्छलाने त्यांनाही पँट वर करून चिखलात उतरवलं. हाताला लागले नारळ, फुटकी मडकी, एक चप्पल. दुपार कलली. सोमलिंगसुद्धा हिरमुसला.

सावित्री मात्र कोपरापर्यंत चिखलात हात घालून चाचपत राहिली. एकदम ती थांबली. दोन्ही हातांनी तिने एक पुरचुंडी वर ओढली.

"सापडला! सापडला!" सोमलिंग नाचायला लागला.

सावित्रीने गाठ सोडली. मणका शाबूत होता. तिने फडकं नाकाशी नेलं. त्याला आता नुसता चिखलाचा वास येत होता, अप्पांचा नाही. ती मटकन पायरीवर बसली आणि महिनाभराचं सगळं रडू एकदम बाहेर आलं. वच्छला तिला धरून बसली. महिपतराव खाली मान घालून उभे होते.

बातमी ऐकून हेडमास्तर धावत आले. "शाब्बास पोरांनो! काय डोकं चालवलंत! सावित्री, हा मणका आता तुझाच. शाब्बास, बेटा!"

सावित्रीने डोळे पुसले. तिने सरांना वाकून नमस्कार केला.

"सर," ती हळूच म्हणाली, "हे 'शाब्बास' अप्पांनी म्हणायला पाहिजे होतं हो."